मधली काच

"…आणि बापाच्या मरणाची वाट बघणं, हे पाप असतंय का, अक्का?"

रामलिंगनं हे विचारलं ते माशांच्या टँकमध्ये कोपरापर्यंत हात घालून. तोंड काचेकडं होतं. अक्कांच्या डोळ्याला डोळा भिडवून असलं काही विचारायची त्याची छाती नव्हती.

अक्का सोप्यात खुर्चीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. त्यांचा हात थांबला नाही.

"कुणाच्या बापाच्या?"

"माझ्याच की."

"बरं," असं म्हणून अक्का दुसऱ्या गुडघ्याकडं वळल्या.

रामलिंग थांबला. टँकच्या तळाची घाण नळीनं ओढून काढायचं काम चाललं होतं, ते त्यानं उगाचच रेंगाळत केलं. नळीतून येणारं पाणी बादलीत पडत राहिलं.

…

आजऱ्याच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत हा मठ होता. मठ म्हणजे काय, तर एक समाधी, एक सोपा, मागं चूल आणि बारा महिने वाहणारा झरा. बाळाक्का इथं तरुणपणी आल्या त्या इथल्याच झाल्या. त्यांचे गुरू गेल्यावर लोक त्यांच्याकडं यायला लागले. कुणाचा बांध कोरला गेलेला, कुणाच्या पोरीचं जमत नसलेलं, कुणाला स्वप्नात मेलेली सासू दिसलेली. सगळ्यांना अक्कांकडून उत्तर हवं असायचं, आणि तेही एस.टी. सुटायच्या आत.

आता अक्का थकल्या होत्या. लोकांच्या प्रश्नांचा त्यांना वीट आला होता. लोकांचा मात्र आला नव्हता, म्हणून दार उघडं असायचं.

रामलिंग रेडेकरचं गडहिंग्लजला फिशटँकचं दुकान. पोराबाळांना घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला तो गप्पी दाखवायचा, मॉली दाखवायचा, फार तर एंजल नाहीतर निऑन टेट्रा. नवा माणूस दुकानातल्या मोठ्या टँकसमोर थबकला आणि त्यानं त्या गोल, चपट्या, लालनिळ्या माशाचं नाव विचारलं, की रामलिंग सांगायचा, "तो डिस्कस. त्याच्या नादाला लागू नका. तुमच्यानं निभायचं नाही." हे सांगताना त्याचा चेहरा असा काही खुलायचा, की ऐकणाऱ्यानं ओळखावं, याच्यानं निभतं.

डिस्कस विकणारे पुष्कळ. पण घरी त्याची अंडी जगवून पिल्लं वाढवणारा आसपासच्या तालुक्यांत कुणी नव्हता. रामलिंगला तो व्हायचं होतं. त्यासाठी मऊ पाणी लागतं, म्हणजे ज्यात साबणाला फेस चांगला येतो आणि डाळ लवकर शिजते ते पाणी. गडहिंग्लजच्या बोअरचं पाणी भांड्यावर पांढरी पुटं धरायचं. मठातल्या झऱ्याचं पाणी एकदा बाटलीत भरून नेऊन त्यानं तपासलं आणि दुसऱ्याच दिवशी तो अक्कांच्या पुढ्यात हजर झाला. सोप्यात एक टँक ठेवू का, म्हणाला.

वास येतो का, एवढं अक्कांनी विचारलं. नाही म्हटल्यावर म्हणाल्या, ठेव.

आवाजाचं विचारायचं राहून गेलं. पंप दिवसभर गुडगुडत असायचा. अक्कांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. फक्त त्या माशांना त्या डिस्कस म्हणत नसत. "तुझ्या बशा" म्हणत. येणाऱ्याजाणाऱ्यालाही तसंच सांगत, की या रामलिंगच्या बशा. आसपास कुणाला जमलं नाही ते करू बघणाऱ्या माणसाला हे लागायचंच. पण अक्कांपुढं बोलणार कोण?

…

"आज पहाटे," रामलिंग म्हणाला, "आण्णांचा श्वास मधेच थांबला."

अक्कांनी तेलाची बाटली खाली ठेवली.

मग त्यानं सगळं सांगितलं. सांगताना नळी हातात तशीच होती.

आण्णा, म्हणजे त्याचे वडील, एस.टी.त ड्रायव्हर होते. दांडगा गडी. घाटात बस बंद पडली तर एकटे चाक बदलणारे. लकवा झाल्यापासून उजवी बाजू गेली, वाचा गेली, देह मात्र तेवढाच दांडगा राहिला. त्यांना उठवणं, बसवणं, पुसणं, कूस बदलणं, चमच्यानं भरवणं सगळं रामलिंग करायचा. बायको सुरेखा हाताखाली असायची, पण ते अंग उचलणं तिला झेपत नव्हतं. दुकान तो जमेल तसं उघडायचा. झोप तुकड्यातुकड्यांत. जेवण उभ्या उभ्या.

आज पहाटे तो ओला टॉवेल घेऊन आण्णांचं तोंड पुसायला वाकला, तर छाती हलत नव्हती. तो तसाच उभा राहिला. हाक मारली नाही. छाती चोळली नाही. आणि त्याच्या मनात एकच शब्द आला… सुटलो.

मग आण्णांनी एकदम घुर्र करून श्वास घेतला.

"तवा मला काय वाटलं ठावं हाय, अक्का?"

अक्का बघत होत्या.

"वाईट वाटलं. श्वास परत आला ह्याचं वाईट वाटलं मला." त्याचा आवाज चिरकला. "माझ्या बापानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवलीय. आणि मी…"

पंप गुडगुडत राहिला.

अक्कांची नजर टँककडं गेली. रामलिंगला वाटलं, आता काहीतरी येणार. पापपुण्याचं, मागल्या जन्माचं, निदान नामस्मरणाचं तरी. मान खाली घालून ऐकून घ्यायची त्याची तयारी झाली होती.

"ही बशी काळी का पडली रं?" अक्कांनी विचारलं.

…

रामलिंगला राग आला. खरोखरच आला. एवढं काळीज काढून समोर ठेवावं आणि बाईनं माशाचा रंग विचारावा? पण चाळीस मैलांच्या परिसरात अक्कांवर रागावून कुणाचं काही चालत नसे, आणि शिवाय मासा खरोखरच काळा पडला होता.

टँकच्या मध्यावर एक काच उभी बसवलेली होती, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, रबराच्या पट्टीत घट्ट. काचेच्या डाव्या बाजूला मादी होती. तिच्या दोन्ही अंगांना पिल्लं चिकटलेली, तिळाएवढी, मोजता येणार नाहीत इतकी. उजव्या बाजूला नर एकटा.

"दमलीय ती," रामलिंग म्हणाला. "दोन दिवस झालं, खाईना. अंगावर चट्टं पडल्यात."

"कशानं?"

मग नाइलाजानं त्यानं सांगितलं. या माशाची पिल्लं पहिल्यांदा बाहेरचं काही धड खात नाहीत. आईबापाच्या अंगाला एक चिकट साय सुटते, ती टोचून टोचून खातात. त्यावरच वाढतात. आता पिल्लं मोठी व्हायला लागली, भूक वाढली, आणि साय पुरेना. तरी ती टोचतातच. मग कातडं निघतं.

"काढून ठेव की बाजूला पिल्लं."

"एवढ्यात काढली तर मरतात, अक्का. एक हप्ता तरी जायला पाहिजे अजून."

"आणि तवर ही?"

रामलिंग नळी बादलीत झटकत राहिला.

"बशा दोन हायेत," अक्का म्हणाल्या. "आईबाप म्हणालास न्हवं तू?"

"दोघं असली की बरं असतंय," रामलिंग म्हणाला. हे त्याला तोंडपाठ होतं, दुकानात कुणालाही असंच सांगायचा. "एक दमला की अंग झटकतोय. असा, झटकन्. की पिल्लं सुटतात आणि दुसऱ्याच्या अंगाला जातात. तो दमला की परत हिच्याकडं. असं आळीपाळीनं."

"मग ही झटकत न्हाय?"

"दिवसभर झटकतीय. पण झटकून जाणार कुठं? तीच पिल्लं फिरून परत तिलाच…"

तो बोलता बोलता थांबला. का थांबला ते त्याचं त्यालाही नीट कळलं नाही. त्यानं नळी वर काढली आणि गुंडाळायला लागला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

…

मठात बोलण्याजोगी रेंज एकाच ठिकाणी मिळायची, सोप्याच्या खिडकीशी. रामलिंग ओल्या हातानं फोन काढत तिकडं गेला. पलीकडून सुरेखाचा आवाज अक्कांनाही ऐकू येत होता, इतकी ती घाबरून मोठ्यानं बोलत होती. आण्णांनी अंथरूण ओलं केलंय. सगळी पाठ भिजलीय. मी एकटीनं कूस बदलायला गेले तर ते पलंगाच्या कडेला आलेत, आता मला सोडतापण येईना आणि हलवतापण येईना. भावजी बाहेर कट्ट्यावर बसलेत. हाक मारू का त्यांना?

"नको," रामलिंग म्हणाला.

सुरेखा काहीतरी म्हणाली.

"नको म्हटलं ना? उशी लाव कडेला. त्याला हात लावू देऊ नकोस. मी निघतोय. तासाभरात पोचतो."

मग फोन बंद झाला.

रामलिंगनं भराभर बादली उचलली, पाणी बाहेर झाडाला ओतून आला, पाय पुसले. गाडीची किल्ली शोधायला लागला. किल्ली खिशातच होती.

"तासभर ओल्यात ठेवणार म्हाताऱ्याला?" अक्का म्हणाल्या.

"मग काय करू?" तो फिस्कारला. अक्कांवर तो असा कधी बोलला नव्हता. "त्याच्या हातात देऊ? परत?"

"तो कोण?"

"बसवंत. धाकटा माझा."

आणि मग निघायची घाई असलेला माणूस दारातच उभा राहून बोलत सुटला. गेल्या दिवाळीच्या आधी दुकानाचा माल आणायला तो कोल्हापूरला गेला होता. आण्णांपाशी बसवंत होता. बसवंतानं शिरा करून घेतला, कारण आण्णांना शिरा आवडतो. आणि आण्णांना न बसवता, पडल्या पडल्या भरवला. घास श्वासनळीत गेला. आण्णा निळे पडले. दवाखान्यात नळ्या घालून ठेवले होते, ते मरणाच्या दारातून परत आले. त्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात रामलिंगनं भावाला सांगितलं, तू आता बापाच्या अंगाला हात लावायचा नाहीस.

"आणि तो ऐकतोय?"

"ऐकतोय. रोज येतो. बाहेर कट्ट्यावर बसतो, आण्णा कसं हायेत विचारतो, जातो."

"म्हातारा काय म्हणतोय?"

"आण्णा काय म्हणणार? वाचा नाही त्यांना." रामलिंगनं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "त्याच्या गाडीचा आवाज आला की दाराकडं बघत राहतात. मान वळत नाही, तरी वळवतात. घामाघूम होतात. त्रास होतो त्यांना. म्हणून मी दार लावून घेतो तेवढ्या वेळापुरतं."

अक्कांनी डोळे मिटून घेतले. त्या इतक्या दमलेल्या दिसल्या, की रामलिंगला क्षणभर स्वतःचा विसर पडला. त्यांना पाणी आणून द्यावं असं त्याला वाटलं.

मग त्या खुर्चीच्या हाताला धरून उठल्या. उठायला त्यांना वेळ लागला. पाय ओढत टँकपाशी आल्या.

"ह्याला कशाला कोंडलंयस?" त्यांनी नराकडं बोट केलं.

"अंडी खातोय तो. मागल्या खेपेला सगळी खाल्ली. त्याच्या आधीपण. म्हणून ह्या खेपेला अंडी घातल्या घातल्या काच घातली मी." आणि मग, थोडं ताठ होऊन, "म्हणून तर जगलीत ही."

"हां," अक्का म्हणाल्या. "सारखा काचेला तोंड लावून उभा असतोय. तू नसलास तरी."

"खायला बघतोय."

"असंल."

आणि अक्कांनी दोन्ही हात पाण्यात घातले, काचेच्या कडा धरल्या आणि ओढली.

…

ती काच इतक्या सहज निघायला नको होती. रबर ओलं होऊन सैल झालं असावं. रामलिंग ओरडून पुढं झाला तोवर ती अर्धी पाण्याच्या वर आली होती. ओल्या काचेवरून अक्कांचे हात घसरत होते.

"धर," त्या म्हणाल्या. "पडंल न्हायतर."

त्यानं धरली. दुसरं काही सुचायच्या आत ती मोठी निथळती काच त्याच्या दोन्ही हातांत होती आणि तिचं पाणी त्याच्या शर्टावर उतरत होतं.

टँकमध्ये काही क्षण काहीच घडलं नाही.

मग नर पुढं आला. सावकाश आला. मादी कोपऱ्यात दबली. तिच्या अंगावरची काही पिल्लं सुटून मध्ये तरंगायला लागली. नरानं तोंड पुढं केलं आणि एक पिल्लू दिसेनासं झालं.

"खाल्लं," रामलिंग म्हणाला. "अक्का, खाल्लं त्यानं."

"बघितलं मी."

आणखी एक गेलं.

रामलिंग काच घेऊन टँकवर झुकला. परत घालायची, एवढंच डोक्यात होतं. काचेची खालची कड पाण्याला टेकली आणि तो थबकला. पिल्लं आता सगळीकडं झाली होती, या बाजूला, त्या बाजूला, आणि नेमक्या मधल्या रेघेवर सगळ्यांत दाट. काच खाली दाबली असती तर किती चिरडली असती, त्याला अंदाज येत होता.

त्यानं काच वर घेतली. पुन्हा खाली नेली. पुन्हा वर घेतली.

अक्कांनी टँकच्या कडेचा आधार घेतला होता.

"तुम्ही माझी सगळी मेहनत…" रामलिंग म्हणाला. त्याला रडू यायला लागलं होतं, आणि दोन्ही हात अडकल्यामुळं डोळे पुसता येत नव्हते. पहाटेपासून जे अडकून राहिलं होतं ते आता वाहायला लागलं. एवढ्या मोठ्या माणसानं, काच पोटाशी धरून, माशांसाठी रडावं हे बघायला अक्कांशिवाय कुणी नव्हतं ते बरं.

मादीनं अंग झटकलं.

नेहमी झटकायची तसंच, झटकन्. आणि पिल्लं उधळताच ती तिथून सरकून फिल्टरच्या मागं गेली. पिल्लं गोंधळली. आई जिथं होती तिथं घुटमळली. मग त्यातलं एक नराकडं गेलं. मग चारदोन. मग सगळा लोंढाच त्याच्याकडं वळला.

नर मागं सरला. पुन्हा मागं सरला, टँकच्या भिंतीला टेकेपर्यंत. पिल्लं त्याच्या अंगाला भिडली आणि टोचायला लागली. त्याचे पर थरथरले.

नर हलला नाही. त्यानं तोंड मिटून घेतलं आणि जागच्या जागी उभा राहिला.

…

किती वेळ गेला कोण जाणे. दोन पिल्लं गेली होती, कदाचित तीन. बाकीची नराच्या दोन्ही अंगांना लोंबत होती. फिल्टरमागं मादी तळाशी टेकून नुसती पडून होती. तिचे कल्ले सावकाश हलत होते. तिचा काळेपणा काही गेला नव्हता, तो असा लगेच जातही नाही. पण तिच्या अंगावर आता कुणी नव्हतं.

रामलिंगनं काच भिंतीला टेकवून ठेवली. हात पुसले. खिडकीशी गेला आणि फोन लावला.

"बसवंत गेला का?" त्यानं विचारलं.

नव्हता गेला.

"त्याला आत बोलाव." रामलिंगनं टँककडं एकदा बघितलं. "आणि फोन दे त्याच्याकडं."

पलीकडून पावलं ऐकू आली. दार उघडल्याचा आवाज. मग कुणीतरी फोन घेतला. नुसता श्वास ऐकू येत होता.

"बसू," रामलिंग म्हणाला.

"हां, दादा."

"आण्णांना कडेवरनं आत घे. आधी डावा हात त्यांच्या पाठीखाली घाल. उजवा न्हवं, डावा. उजव्या खांद्याला ओढू नकोस, तो निखळल्यासारखा झालाय. चादर काढताना एकदम ओढायची नाही, गुंडाळत न्यायची. कोमट पाणी घे, गरम नको. हाताच्या मागल्या बाजूनं बघ. पाठीवर जखम हाय, तिला पाणी लागू देऊ नकोस, तिचं मलम कपाटात वरच्या खणात, निळ्या झाकणाचं, पांढऱ्या न्हवं. आणि ऐक, मी येईपर्यंत तोंडात काही घालू नकोस. पाणीसुद्धा नको. आणि कूस बदलली की उशी…"

"हां, दादा. हां. हां."

"…उशी दोन पायांच्या मधे घालायची, एक पाठीला. पातळ ती पाठीला. आणि काय झालं तर लगेच मला…"

अक्का त्याच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी हात पुढं केला. रामलिंगला समजलं नाही. त्यांनी हात तसाच धरून ठेवला, तेव्हा त्यानं फोन दिला.

अक्कांनी तो कानापासून बराच लांब धरला.

"बसवंता," त्या म्हणाल्या, "बाप ओला हाय तुझा."

आणि फोन रामलिंगच्या हातात परत ठेवला. "बंद कर ते."

त्यानं बंद केला. बोटाला दोनदा चुकून दुसरंच काहीतरी लागलं, मग झाला.

अक्का खुर्चीकडं परत गेल्या. बसताना त्यांच्या तोंडातून "आई गं" निघालं. रामलिंग खिडकीशीच उभा राहिला. आता त्या घरात काय चाललं असेल ते त्याला इथून दिसत नव्हतं, ऐकू येत नव्हतं. डावा हात घातला असेल का? खांदा ओढला तर नसेल? आण्णांनी बसवंताला बघून काय केलं असेल? त्या दवाखान्यानंतर पहिल्यांदाच आण्णांचं काहीतरी त्याच्याशिवाय होत होतं आणि त्याचे दोन्ही हात मोकळे होते. ते कुठं ठेवावेत हे त्याला कळेना. त्यानं ते खिशात घातले, मग बाहेर काढले.

जायला हवं होतं. किल्ली हातात होती. तरी त्याचे पाय हलेनात. आपण किती थकलोय हे त्याला आता कुठं कळत होतं. तो तिथंच भिंतीला पाठ लावून खाली बसला.

सोप्यात पंपाची गुडगुड चालू होती. टँकमध्ये नरानं एकदा अंग आक्रसलं. पण झटकलं नाही.

"अक्का," बऱ्याच वेळानं रामलिंग म्हणाला.

"हं."

"आणि तो परत चुकला तर?"

अक्कांनी तेलाची बाटली उचलली, झाकण घट्ट बसवलं, आणि पहिल्यांदाच त्याच्याकडं नीट बघितलं.

"मग रडायला तरी दोघं असाल."